अजिबात नाही

‘झोप न लागणे.’ पुढे चार चौकटी. अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. आजींनी चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवून ती सावकाश वाचली आणि पहिल्या चौकटीत ठसठशीत खूण केली. अजिबात नाही. म्हणजे शून्य गुण. म्हणजे झोपेची काहीच तक्रार नाही. मी पुढच्या ओळीकडे सरकणार, तोच त्या म्हणाल्या, "अजिबात नाही हो. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही."

नैराश्य ओळखायला मदत करणाऱ्या त्या इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर माझं होतं. आणि त्यात खोट काढायची म्हटली तर एकाही शब्दात निघाली नसती.

आपण नकाराला नकारानंच दुजोरा देतो. "झोप लागत नाही का?" "अजिबात नाही." असं आपण रोज बोलतो आणि त्यात कुणाचा गोंधळ होत नाही. मूळ इंग्रजीतलं ‘नॉट ॲट ऑल’ हे माप होतं: त्रास किती झाला, तर शून्य. मराठीत आल्यावर ते माप राहिलं नाही, तो चक्क होकार झाला. ज्या बाईला सगळ्यांत जास्त त्रास, ती कागदावर सगळ्यांत ठणठणीत. बरं, आजी बोलल्या म्हणून कळलं तरी. खूण करून गप्प बसल्या असत्या, तर त्यांचा शून्य बाकीच्या शून्यांसारखाच दिसला असता.

हे काम माझ्याकडे आलं ते ओळखीच्या एका फॅमिली डॉक्टरांमुळे. "नऊच वाक्यं आहेत बाई, तुमच्या डाव्या हाताचा मळ," असं ते म्हणाले आणि मीही हो म्हणून बसले. मी जन्मभर भाषांतरं केली. करारनाम्यांची, जाहिरातींची, औषधाच्या खोक्यातल्या त्या घडी घातलेल्या चिटोऱ्यांची. नऊ वाक्यं म्हणजे एका संध्याकाळचं काम. ती संध्याकाळ लांबत लांबत वर्षाच्या पलीकडे गेली.

ती नऊ वाक्यं म्हणजे पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी तिची कसोटी घेतली, तो लेख २००१ सालचा. गेल्या दोन आठवड्यांत नऊ गोष्टींचा त्रास किती वेळा झाला, एवढंच ती विचारते: कशात गोडी न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट चुळबुळ वाढणं, आणि शेवटी मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ० ते २७. १० किंवा जास्त झाली की डॉक्टरांनी पेन खाली ठेवून नीट बोलायला बसावं. निदान ही प्रश्नावली करत नाही. ती फक्त सांगते, की इथे जरा थांबा. वापरायला परवानगी लागत नाही, पैसे पडत नाहीत, भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दवाखान्यात बाहेर रांग असताना या तीन गोष्टींची किंमत काय असते, ते डॉक्टरांनाच विचारावं.

मी विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत. "तुम्ही माणसाला वर्षानुवर्षं ओळखता. तुम्हाला तोंडाकडे बघून कळत नाही का?"

"कळतं असं वाटतं," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत. माणूस डोकं दुखतं म्हणून येतो. मी डोक्याकडे बघतो."

मग त्यांनी मला एक जुना अभ्यास सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेनं १४ देशांतल्या १५ ठिकाणी, साध्या दवाखान्यांत येणाऱ्या लोकांची मानसिक तपासणी केली होती. त्यातल्या नैराश्य असलेल्या ११४६ जणांकडे नंतर पुन्हा बारकाईनं पाहिलं गेलं आणि १९९९ मध्ये ते छापून आलं. त्यातले ६९ टक्के लोक डॉक्टरांकडे गेले होते ते फक्त शारीरिक तक्रारी घेऊन. काही ठिकाणी हा आकडा ४५ होता, काही ठिकाणी ९५. कंबर, पोट, धडधड, अंगात त्राण नसणं. आणि जिथे माणसाचा एक ठरलेला, नेहमीचा डॉक्टर नव्हता, तिथे हे प्रमाण जास्त होतं. या शेवटच्या वाक्यावर ते थोडे खूश दिसले. पण थेट विचारल्यावर ‘छे, मनाचं काही नाही’ असं सांगणारे किती होते? फक्त ११ टक्के. बाकीच्यांनी सांगितलं असतं. कुणी विचारलं नव्हतं.

मी मान चोळत ऐकत होते. त्या दिवसांत माझी मान सारखी आखडायची. कम्प्युटरपुढे बसून, दुसरं काय.

तर भाषांतर. अशा कामाची एक ठरलेली रीत आहे. एकानं, शक्यतो दोघांनी स्वतंत्रपणे, मुळातून आपल्या भाषेत आणायचं. दोन्ही पाठ जुळवून एक करायचा. मग ज्यानं मूळ पाहिलेलंच नाही अशा माणसाकडून ते परत इंग्रजीत न्यायचं आणि मुळाशेजारी ठेवून बघायचं. या उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये नीट मांडली, तेव्हापासून तिचा दबदबा आहे. मग समिती बसते, मग थोड्या लोकांवर चाचणी होते आणि सगळ्यात शेवटी खरी परीक्षा.

माझी नऊ वाक्यं उलट फेरीतून इतकी सुखरूप परत आली की समितीत माझं कौतुक झालं. ‘कामांमध्ये रस किंवा आनंद नसणे’ याचं परत अगदी ‘लिटल इंटरेस्ट ऑर प्लेझर इन डुइंग थिंग्ज’ झालं. ‘झोप न लागणे’ परत आलं. ‘अजिबात नाही’चं ‘नॉट ॲट ऑल’ झालं, दुसरं काय होणार? मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर भलतीच खूश होते.

आता वाटतं, परत येणारच होती ती. ज्या वाक्याला मराठी माती लागलीच नाही, ते धुऊन लगेच पहिल्यासारखं दिसतं. उलट भाषांतर करणारा माणूसही दोन्ही भाषा पिऊन बसलेला असतो. ‘रस किंवा आनंद नसणे’ दिसलं, की यामागे कोणतं इंग्रजी असावं हे त्याच्या आतला कारकून आधीच ओळखतो आणि तेच लिहून देतो. दोन शिकलेली माणसं एकमेकांशी बोलतात आणि कागद हसतमुखानं ये-जा करतो. रुग्ण या साऱ्यात कुठेच नसतो. सुरुवातीच्या त्या आजी कागदाला भेटल्या ते यानंतर.

त्या चाचणीची तऱ्हा मला फार आवडली. नुसत्या खुणा करून घ्यायच्या नाहीत. माणसाशेजारी बसायचं आणि म्हणायचं, वाचा, आणि वाचताना मनात काय आलं ते मोठ्यानं बोला. हा प्रश्न तुम्ही तुमच्या शब्दांत कसा विचाराल? ‘काही दिवस’ म्हणजे तुमच्या डोक्यात किती दिवस आले? इतकी वर्षं भाषांतर केलं, पण माझं वाक्य वाचताना वाचकाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर बहुधा धंदा बदलला असता.

‘अर्ध्याहून जास्त दिवस’ हे वाचून एक गृहस्थ म्हणाले, "सकाळी बरं असतं. दुपारनंतर सुरू होतं." त्यांनी तीच चौकट निवडली. अर्ध्याहून जास्त दिवस, म्हणजे दुपारनंतरचा दिवस! व्याकरण त्यांच्या बाजूनं होतं, मी काय बोलणार? ‘काही दिवस’ हे एकीला दोन वाटले, दुसरीला दहा. आणि ‘दोन आठवडे’. आपण आठवडा मोजतो तो ‘आठ दिवस’ म्हणून, आणि दोन आठवडे म्हणजे ‘पंधरा दिवस’. सात दुणे चौदा हे गणिताच्या तासाला. बोलताना आठ आणि आठ पंधरा होतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. शेवटी आम्ही ‘गेल्या पंधरा दिवसांत’ असंच ठेवलं आणि उत्तरांत ‘आठ दिवसांपेक्षा जास्त’ असा आकडाच घातला. समितीतल्या एकांना एका दिवसाचा हा फरक बरेच दिवस टोचत राहिला. मला त्यांचा राग आला नाही. कुणाला तरी टोचायलाच हवा.

‘णे’कारान्त क्रियापदांचं तर मी श्राद्धच घालायला निघाले. वाटणे, लागणे, नसणे. ही रूपं शब्दकोशात राहतात, माणसांच्या तोंडात नाहीत. इंग्रजीतले ते अर्धवट तुकडे वाचायला चालतात. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवायचा असतो, आणि ‘थकवा वाटणे’ हे मोठ्यानं वाचून दाखवलं की समोरचा माणूस पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. पूर्ण प्रश्न करायला गेलं तर मराठी क्रियापद लगेच विचारतं, बाई का बुवा? ‘तुम्ही थकलेले असता का’ म्हटलं की बाई बाहेर, ‘थकलेल्या’ म्हटलं की पुरुष बाहेर, आणि तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिलं की तो सरकारी अर्ज होतो. सुदैवानं भाषेनंच एक पळवाट ठेवलीय. ‘तुम्हाला थकवा वाटतो का?’ इथे थकवा कर्ता झाला. माणूस ‘ला’ लावून बाजूला बसला. आणि गंमत अशी की दुखण्याच्या बाबतीत मराठीत माणूस नेहमी तिथेच बसलेला असतो. मला भीती वाटते, मला रडू येतं, मला सुचत नाही. आपण काही करत नाही, आपल्याला सगळं होतं.

खरी झोंबी झाली ती मनाशी.

आजींनाच विचारलं होतं, ‘कामांमध्ये रस किंवा आनंद नसणे’ हे तुमच्या शब्दांत कसं म्हणाल? त्या हसल्या. "कामात कसला आलाय आनंद?" मग थोड्या वेळानं, आपण होऊन: "कशात मन लागत नाही म्हणायचंय का तुम्हाला?" हो! तेच म्हणायचं होतं. नंतर ज्याला विचारलं त्यानं हेच उत्तर दिलं. मन लागत नाही, मन रमत नाही, मनच नाही कशात. मी उत्साहानं पहिलं वाक्य बदललं आणि सातव्याशी येऊन आदळले. सातवा प्रश्न एकाग्रतेचा आहे, वाचताना किंवा काही बघताना लक्ष न लागण्याचा. तो तुमच्या शब्दांत सांगा म्हटलं की लोक काय म्हणत? "वाचनात मन लागत नाही." दुसरा प्रश्न उदासीचा, तिथे मन उदास. सहावा स्वतःबद्दल वाईट वाटण्याचा, तिथे मनाला लागलेलं असतं, मन खातं. इंग्रजीनं जी चार खोल्यांत वेगवेगळी मांडून ठेवली होती, ती आमच्याकडे एकाच माजघरात मांडी घालून बसलेली.

इथे एक गोष्ट हळूच सांगायला हवी. प्रश्नावलीचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे मोजायला क्रॉनबाख यांचा अल्फा नावाचा आकडा वापरतात, १९५१ पासून. तो वर गेला की सगळ्यांना बरं वाटतं. मी चारही प्रश्नांत ‘मन’ घातलं असतं, तर अल्फा नक्कीच वर गेला असता. एकच प्रश्न चारदा विचारल्यावर चारदा सारखंच उत्तर येणार, त्यात नवल ते काय! तेव्हापासून चांगला अल्फा दिसला की मी जरा संशयानंच बघते. हा माझा अडाणीपणा असेल, पण डॉक्टरांनी तो खोडून काढला नाही.

मग आम्ही मन वाटून दिलं. पहिल्या प्रश्नाला त्यातलं काहीच आलं नाही. तो झाला, ‘पूर्वी ज्या गोष्टी आवडीनं करायचात, त्या आता नकोशा वाटतात, असं किती दिवस झालं?’ सातव्याला ‘लक्ष’ दिलं: बोलणं ऐकताना, हातातलं काम करताना लक्ष टिकत नाही. मुळात तिथे वर्तमानपत्र आणि टीव्हीची उदाहरणं होती. दोन्हीपैकी काहीच न करणारा माणूस अशा ठिकाणी प्रामाणिकपणे सांगतो, की मला त्याचा काही त्रास नाही. मन राहिलं फक्त दुसऱ्यात. तिथे ‘नैराश्य’ हा शब्द मी आधी घातला होता. तो काढला. नैराश्य डॉक्टर लिहितात, लोकांना ते येत नाही. लोक उदास असतात, खचलेले असतात, नाहीतर मग सरळ टेन्शनमध्ये किंवा डिप्रेशनमध्ये. ‘डिप्रेशन’ ठेवावं का यावर बराच वाद झाला. तरुण मंडळी ते कंटाळ्यालाही वापरतात आणि वयस्कर माणसं ते ऐकलं की वेडाच्या डॉक्टरांकडे पाठवणार म्हणून कागद परत देतात. गेलं.

भुकेच्या प्रश्नावर मात्र मी हरले. ‘काही गोड लागत नाही’ हे कुणी जेवणाबद्दल म्हणतं, कुणी जगण्याबद्दल, आणि पुष्कळदा बोलणाऱ्यालाही यातलं नेमकं कोणतं ते ठाऊक नसतं. ते वाक्य मोहात पाडणारं होतं, म्हणूनच वापरलं नाही.

नवव्या प्रश्नापाशी सगळेच हळू बोलायला लागायचे. आपण मेलेलं बरं असे विचार, किंवा स्वतःला काही इजा करण्याचे विचार. दोन वेगळ्या गोष्टी एका प्रश्नात कोंबल्यात हा दोष मुळातलाच. पण मराठीत आणखी एक अडचण आहे. आपल्या बोलण्यात मरण फार स्वस्त आहे. उकाडा मरणाचा असतो, घाई मरणाची असते, जीव नकोसा होतो तो डासांनीसुद्धा. म्हाताऱ्या माणसांचं ‘आता देवानं न्यावं’ हे कितीदा नुसतं वाक्य पुरं करण्यासाठी असतं. आणि कितीदा नसतं. घरच्यांनी ते इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातला फरक ऐकू येईनासा होतो. शब्द सौम्य करावा तर सगळेच हो म्हणतात, कडक करावा तर ज्यानं म्हणायला हवं तोही नाही म्हणतो. आम्ही वाक्य साधं आणि थेट ठेवलं, ‘जीव द्यावासा वाटतो’पर्यंत नेलं आणि दुसरी एक गोष्ट ठरवली, जी भाषांतरात मोडत नाही: या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेची वाट बघायची नाही. चाचणी चालू असली तरी, खूण करणारा माणूस आपल्या ‘अभ्यासातला’ असला तरी, त्याच दिवशी, उठून जाण्याआधी डॉक्टरांनी त्याच्याशी बोलायचं. हे विचारल्यानं विचार डोक्यात घातला जातो, अशी भीती समितीतही एकदोघांना होती. तसं होत नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. माणसाला बहुधा सुटल्यासारखं वाटतं.

मधेच केव्हातरी मला प्रश्न पडला, की दुसऱ्याच्या घरचे नऊ प्रश्न शिवून-उसवून आपल्या मापाचे करण्यापेक्षा आपलेच का नाही लिहायचे? असं झालेलं आहे. झिम्बाब्वेत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शोना भाषेत, लोक आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतात त्याच शब्दांतून चौदा प्रश्न बांधले. तो लेख १९९७ सालचा. त्यात ‘कुफुंगिसिसा’ आहे. अर्थ, फार विचार करणं. वाचताना मी दचकलेच. आमच्या चाचणीत किती जणांनी तेच सांगितलं होतं: "विचार फार येतात." "डोक्यात चक्र चालू असतं." पीएचक्यू-९ मध्ये विचार फार येण्याला जागाच नाही. तेच शोना प्रश्न पुढे हरारेमध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांच्या हातात गेले. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे काम ‘फ्रेंडशिप बेंच’ म्हणून ओळखलं जातं.

मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७ मध्येच बजावून ठेवलं होतं, की एका संस्कृतीत घडवलेला रोगाचा साचा दुसरीकडे नेऊन टेकवला की त्यात बसणारी माणसं सापडतातच. त्यावरून तो साचा तिथला आहे असं सिद्ध होत नाही. मला हे पटतं. आणि तरीही आम्ही नऊ प्रश्नांवरच राहिलो, कारण डॉक्टरांना त्यांचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशेजारी ठेवता यायला हवा होता. हा सौदा आहे. तो सौदा म्हणूनच करावा.

सगळ्यात शेवटची परीक्षा माझ्या कामाच्या पलीकडची, पण मी हट्टानं समजून घेतली. दवाखान्यात येईल त्या प्रत्येकाला, ओळीनं, कागद द्यायचा. निवडून नाही. ढसढसा रडणारे दहा आणि खिदळणारे दहा घेतले तर कुठलीही प्रश्नावली हुशार ठरते. मग त्याच लोकांशी, फार दिवस न लोटू देता, मनोविकारतज्ज्ञानं सविस्तर बोलून निदान करायचं, आणि त्याला कागदावरची बेरीज कळू द्यायची नाही. कळली की तो नकळत तिच्या बाजूनं झुकतो. मग जुळवायचं.

२००१ च्या लेखात एकूण ६००० रुग्ण होते. पण तज्ज्ञांनी मुलाखत घेतली ५८० जणांची, आणि त्यांच्यात नैराश्याचा आजार निघाला ४१ जणांना. दहाची रेषा धरली तर ८८ टक्के आजारी सापडतात आणि ८८ टक्के निरोगी माणसांना ती निरोगी म्हणते, हा जगभर फिरलेला आकडा. त्यातला पहिला ८८ उभा होता ४१ माणसांवर. मला हे कळल्यावर जरा गरगरलं. नंतर २०१९ मध्ये ५८ अभ्यासांतल्या १७,३५७ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दहाच्या रेषेवर, सविस्तर मुलाखतींशी ताडून, ८८ आणि ८५ आले. म्हणजे इमारत पडली नाही. पण पाया किती लहान होता ते एकदा बघितल्यावर विसरता येत नाही.

डॉक्टरांनी मग एका जुन्या पाकिटाच्या मागे मला हिशेब करून दाखवला. "समजा १००० माणसं आली. १०० आजारी आहेत, ९०० नाहीत. शंभरातले ८८ सापडले, १२ सुटले. नऊशेपैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जणांना कागद उगाच आजारी म्हणाला. आता माझ्यासमोर १९६ कागद आहेत दहाच्या वरचे. त्यातले खरे किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"निम्म्याहूनही कमी. आणि ही चांगली प्रश्नावली आहे बरं का."

रेषा १५ वर नेली तर त्या मूळ लेखाच्या आकड्यांनुसार १०८ चे ४५ होतात, पण शंभरातले ३२ निसटतात. ९ वर आणली तर पाचच निसटतात आणि उगाच धरलेले १४४ होतात. यातली कोणती रेषा बरोबर, हे गणित सांगत नाही. तुमच्याकडे बोलायला किती वेळ आहे, पुढे पाठवायला कुणी आहे का, आणि निसटलेल्यांपैकी एकाचं काय होऊ शकतं, यावर ते ठरतं. आणि ही सगळी कसरत तेव्हाच अर्थाची, जेव्हा खुणा बरोबर चौकटीत पडलेल्या असतात. आजींसारखी चार माणसं शून्यात गेली, तर ती रेषेच्या खाली कुठेतरी शांतपणे राहतात आणि आकडेमोड त्यांना निरोगी म्हणून मोजते.

झोपेचा प्रश्न शेवटी असा झाला: ‘झोपेचा त्रास किती दिवस झाला?’ आणि पहिलं उत्तर, सगळ्याच प्रश्नांना: ‘एकही दिवस नाही’. उलट फेरीत ते मुळासारखं आलं नाही. पहिला प्रश्नही आला नाही, सातवाही. समितीच्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘मुळापासून फरक असल्यास कारण’ असा होता. मी तिथे काहीतरी भारदस्त लिहायचा प्रयत्न केला आणि मग खोडून सगळीकडे एकच लिहिलं: ‘रुग्णांनी असंच सांगितलं.’ एका सदस्यांनी विचारलं, की हे कारण पुरेसं आहे का. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं नाही.

आजींचा एक प्रश्न राहिला. कागद संपल्यावर त्यांनी विचारलं होतं, "हे सगळं विचारलंत, आता पुढं काय?" मी डॉक्टरांच्या दाराकडे बघितलं. दार उघडलं, त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेरच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. मला ती कुरकुर ऐकून बरं वाटलं.

छापील कागद आला त्यानंतर काही महिन्यांनी मी त्याच दवाखान्यात गेले. मान. आता खांद्यापर्यंत आली होती, आणि जोडीला डोकंही दुखत होतं. डॉक्टरांनी मान डावीकडे-उजवीकडे वळवून पाहिली, बोटांत मुंग्या येतात का विचारलं, बसता कशा ते विचारलं. मी कम्प्युटरचं सांगितलं. ते हं हं करत लिहीत होते.

"झोप लागते का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं.

"शून्य की तीन, बाई?"

मी खोलीतल्या वजनकाट्याकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी खोकलं.

"तीन," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.